रिकाम्या गाठीचा छडा

माझ्यासारखी नजर लाखात एखाद्यालाच असते. हे मी म्हणत नाही. लोकही म्हणत नाहीत, पण त्यांच्या मनात ते असावं असा माझा तर्क आहे, आणि माझे तर्क सहसा चुकत नाहीत. पोटासाठी मी चष्म्याच्या दुकानात बसतो, पण तो वरवरचा धंदा. खरा पेशा गुप्तहेराचा. नुसत्या चपला बघून मी माणसाचा स्वभाव सांगतो, आणि स्वभाव चुकला तर चपला दुसऱ्याच्या आहेत हेही सांगतो. बायको विचारते, एवढी नजर आहे तर कपाटातले मोजे समोर असून दिसत कसे नाहीत. घरच्यांना किंमत नसते, चालायचंच.

त्या दिवशी सकाळीच मेहुण्याचा फोन आला.

"भाऊजी, गाठ पुन्हा रिकामी झाली."

मी भिंग खिशात घातलं आणि निघालो.

मेहुणा सुतार आहे. वडिलांचा कारखाना तोच चालवतो. एका डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडे मोठं टेबल करायला दिलं होतं. लाकडातल्या गाठी निखळून जागोजागी भोकं पडली होती. बाई म्हणाल्या, लपवू नका, निळ्या रंगानं भरा, शोभा येईल. मेहुण्यानं कुठूनसं पाण्यासारखं पातळ रेझिन आणलं, त्यात निळा रंग कालवला आणि सगळी भोकं भरली. बाकीच्या गाठी दगडासारख्या घट्ट झाल्या. मधली, सगळ्यांत मोठी, सकाळी रिकामी. पुन्हा भरली, पुन्हा रिकामी. आणि टेबल न्यायला बाईंची माणसं उद्या येणार होती.

मी भिंग लावून भोक पाहिलं. ते गोल होतं. तशी नोंद मी मनात केली.

"उंदीर," मी म्हणालो.

"उंदीर रेझिन खातो?" मेहुण्यानं विचारलं.

"खाल्लं तर दात निळे होतील. उंदीर सापडत नाही, म्हणजे त्याला मांजरानं खाल्लं." मी कारखान्यातल्या मांजराचं तोंड उघडून पाहिलं. दात पांढरे होते. माझा अंगठा मात्र लाल झाला.

उंदीर निर्दोष सुटला. मग मी पलीकडच्या गल्लीतल्या सुतारावर संशय घेतला, पण तो महिनाभर पाय मोडून पडला होता. उरला घरातलाच माणूस.

पॉलिशमामा सासऱ्यांच्या वेळेपासून इथे आहेत. भुसा आणि सरस घोटून ते स्वतः लांबी, म्हणजे भोकं बुजवायचा लगदा, करतात, तिला लाकडाचाच रंग देतात आणि गाठ अशी बुजवतात की शोधून सापडू नये. "गाठ दिसली तर मी इथे कशाला आहे?" असं त्यांचं म्हणणं. निळा रंग पाहून त्यांनी नाक मुरडलं होतं. मेहुण्यानं त्यांना न विचारता केलेलं हे पहिलंच काम.

मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. "मामा, खून झाला की पहिला प्रश्न कोणता? फायदा कोणाचा."

"खून कोणाचा झालाय, जावईबापू?"

"गाठीचा. आणि निळा रंग तुमच्या डोळ्यांत खुपतो."

मेहुणा हसेल असं मला वाटलं होतं. तो खाली बघत राहिला. मामांनी ब्रश पुसला, खुंटीवरची पिशवी काढली.

"तुलाही तसंच वाटतं का रे?" त्यांनी मेहुण्याला विचारलं. मेहुण्यानं रेझिनचा डबा उचलून झाकण घट्ट केलं. मामा पायऱ्या उतरून गेले.

गुन्हेगार पळाला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. माझ्या बायकोला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरणारा हाच माणूस, हे मला नेमकं त्याच वेळी आठवलं. पण गुप्तहेरानं मन घट्ट करायचं असतं.

मेहुण्यानं गाठ पुन्हा भरली आणि तोंड पाडून दारात जाऊन बसला. गुन्हेगार गुन्ह्याच्या जागी परततोच, म्हणून मी टेबलाखाली भुशात दबा धरून आडवा झालो. अधिक एकाग्रतेसाठी डोळे मिटले.

दुपार कलल्यावर बायकोच्या आवाजानं माझी एकाग्रता भंगली.

"मामांना चोर कोण म्हणालं?"

ती मामांचा हात धरून त्यांना ओढत घेऊन आली होती. रस्त्यात भेटले असावेत. मी टेबलाखालून बाहेर आलो. तिघंही माझ्या डोक्याकडे टक लावून पाहू लागले. माझ्या बुद्धीबद्दल एवढा आदर या घरात प्रथमच दिसला.

"अहो, टकलावर निळं काय आहे?" बायकोनं विचारलं.

मामा वाकले. टेबलाच्या खालच्या अंगानं त्यांनी बोट फिरवलं. बोट निळं झालं.

"आरपार चीर आहे. खालून चिकटपट्टी लावली नाहीस?"

मेहुणा गोंधळला. "लांबीला कधी लावली होती, मामा?"

"लांबी घट्ट असते, जिथं भरू तिथं बसते. हे तर पाणी."

दोन पिढ्या या कारखान्यात कोणी गाठीला खालून बूड लावलं नव्हतं, कारण कधी गरजच पडली नव्हती. ठिबकलेलं सगळं भुशानं पिऊन टाकलं होतं.

"मामा," मेहुणा म्हणाला, "तुम्ही विचारलंत तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं." मीही माफी मागितली. गुप्तहेराला ते जड जातं, पण बायको शेजारीच उभी होती.

मामांनी पिशवी परत खुंटीला अडकवली. चिमूटभर लांबी घोटून खालची चीर बुजवली आणि स्वतःच्या हातानं वरून निळा रंग ओतला. आम्ही वाट पाहिली. थेंबही गळला नाही.

"माझं डोकं?" मी विचारलं.

"ओलं असताना पुसलं असतं. तुमचं डोकं गरम, लवकर वाळलं. आता बारीक पॉलिशपेपर मारावा लागेल."

मला स्टुलावर बसवून त्यांनी माझी मान उजेडाकडे वळवली आणि बराच वेळ बघत राहिले.

"रंग वाईट नाही रे," ते मेहुण्याला म्हणाले. "उगाच नावं ठेवत होतो."

"टेबलावरचा?"

"टेबलावरचा अजून वाळलाय कुठे."