गेलनची सहा इंच उन्नती

माणसाची खरी ओळख त्याच्या विचारांच्या उंचीवरून पटते, असं थोर लोक सांगत आले आहेत. टेक्सासमधल्या ड्राय फोर्क गावात ती पिकअपच्या उंचीवरून पटते. मोजायला सोपं पडतं.

ड्राय फोर्कची जमीन पोळपाटासारखी सपाट आहे. आख्ख्या पंचक्रोशीत चढण्याजोगी एकच जागा, शाळेसमोरचा गतिरोधक. (तोही गेल्या उन्हाळ्यात वितळून निम्मा झाला.) अशा मुलखात गाडी दगडधोंड्यांवरून सहज जाईल इतकी उंच असणं अत्यावश्यक आहे. दगड कधी येतील, सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी गावातले पुरुष पशुखाद्याच्या दुकानामागे आपापल्या पिकअप ओळीने उलट्या लावतात आणि मागची फळी उघडून तिच्यावर बसून कॉफी पितात. या ओळीत गेलन स्टबलफील्डची गाडी गुडघे टेकल्यासारखी दिसे. शेजारच्या फळीवरचा रस्को त्याच्याशी बोलायचा म्हणजे त्याच्या टकलाशी बोलायचा. अठ्ठावन्नाव्या वर्षी हे किती दिवस सोसायचं? गेलनने सस्पेन्शनचं लिफ्ट किट, म्हणजे गाडी चाकांवर उचलून उंच करणारं सामान, घ्यायचं ठरवलं.

किट निवडण्याची एक रीत आहे. दोन इंचांचं घेतलं तर कुणाच्या लक्षातच येत नाही, म्हणजे ते वाया. चार इंचांचं घेतलं तर लोक "सहा का नाही?" विचारतात, म्हणजे ते लाजिरवाणं. सहा इंचांचं घेतलं तर घरचे बोलतात. पण घरचे एरवीही बोलतातच. तेव्हा सहा इंच हा काटकसरीचाच मार्ग ठरतो.

किट विकणाऱ्या लायलने त्यातही खास चीज काढली. "हे खालीवर करता येतं. मन मानेल तेव्हा वर, मन मानेल तेव्हा खाली." (वर नेणारी गिऱ्हाइकं शंभरात शंभर. खाली आणणारा एक होता म्हणतात; तो पुढे राज्य सोडून ओक्लाहोमाला राहायला गेला.)

घरी डार्लाने, म्हणजे गेलनच्या बायकोने, एवढंच विचारलं, "आणि आई कशा चढणार?"

प्रश्न वर्मी लागणारा होता. वडील गेल्यापासून दर रविवारी गेलन आईला, ओपलबाईंना, शेजारी बसवून बॅप्टिस्ट चर्चला नेई. तो त्याचा मान होता. त्या मानावर समोरच्या फर्नबाईंचा डोळा होता. त्या मेथडिस्ट, म्हणजे दुसऱ्या पंथाच्या, पलीकडच्या चर्चच्या. त्यांच्याकडे इस्त्रीएवढी विजेची गाडी. "ओपल, तुला कधीही सोडते हं," हे त्या दर आठवड्याला कुंपणावरून ऐकवत. आई एकदा जरी त्या इस्त्रीत बसली असती, तरी गेलनला गावात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

"अगं, आईसाठीच तर हे खालीवर होणारं घेतोय!" गेलन म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी खाली, रविवारी जेवणं झाली की वर. साधं किट घेतलं तर म्हातारीचे हाल होतील."

"आणि गाडी आहे तशीच ठेवली तर?"

"तुझं हे असंच. उगाच टोकाला जातेस."

शनिवारी दुपारी किट बसलं. संध्याकाळी गेलन पाना घेऊन गाडीखाली शिरला. जॅक लावायचा, चाकं काढायची, आतली जाड कडी फिरवायची, एवढंच काम. पण त्याच्या मनात आलं, उद्या चर्चसमोर शनिवारचीच सगळी मंडळी असणार. वर गेलेला माणूस त्यांनी बघायच्या आतच खाली? तो गाडीखालून निघाला, कपडे झटकले आणि गोठ्याकडे गेला.

रविवारी सकाळी ओपलबाई टोपी घालून बाहेर आल्या, तर गाडीच्या दाराला गुरं चढवायचा लाकडी रॅम्प लावलेला.

"गेलन, त्या तांबड्या कालवडीला चढवत होतास तोच ना रे हा?"

"तोच. शेवटी चढली ना ती?"

"तिला मागून दोघं ढकलत होते."

ओपलबाई कुणी न ढकलता चढल्या. पाठोपाठ गेलनही त्याच रॅम्पवरून चढला आणि त्यांच्यापुढून सरपटत स्टिअरिंगपाशी गेला. (ही केवळ चाचणी होती.)

चर्चसमोर गेलनने खाली उडी मारली. रॅम्प घरीच राहिला होता, पण उतरणं सोपंच असतं. मंडळी जमली, हॅटा निघाल्या.

"सहा?" रस्कोने विचारलं.

"सहा."

मयताला धरतात तशा हॅटा छातीशी गेल्या.

"मला कुणी उतरवतंय का रे?" वरून आवाज आला.

प्रश्न तांत्रिक असल्याने चर्चा झाली. बटण दाबलं की बाहेर येणारी पायरी मिळते, असं एकाचं मत पडलं. पायरीने उंची कमी दिसते, असं दुसऱ्याचं.

"मुलांनो, मला बाथरूमला जायचंय."

"येस मॅम," सगळे एका सुरात म्हणाले आणि पायरीच्या रंगाकडे वळले. आत प्रार्थनागीत सुरू झालं.

तेवढ्यात पलीकडच्या मेथडिस्ट चर्चकडे निघालेल्या फर्नबाई थांबल्या. इस्त्रीच्या डिकीतून घडीचं स्टूल काढून त्यांनी दारापाशी ठेवलं. ओपलबाई टोपीचं फूलही न हलवता उतरल्या.

"आत जाऊन आलेच, फर्न. मग तुझ्याकडेच येते. आज तुमच्या चर्चच्या अंगणात तळलेलं चिकन आहे ना? वरून छान दिसत होतं."

त्या परतल्या, इस्त्रीत बसल्या. स्टूल डिकीत गेलं. काच खाली झाली.

"गेलन, बाळा, माझी पर्स वरच राहिली. तेवढी देतोस?"

गेलनने वर पाहिलं. गुडघा चाचपला. मंडळी अतिशय आदराने बघत होती.

(इथे ज्यांना हसू येतंय त्यांनी, डोंगर चढणारी म्हणून घेतलेली आपली गाडी मंडई आणि सोसायटीचं पार्किंग सोडून कुठे चढली आहे, तेवढं आठवावं आणि मग खुशाल हसावं.)

तो इस्त्रीपाशी गेला. काचेपर्यंत पोहोचायला त्याला बराच वाकावं लागलं.

"फर्नबाई," तो हळूच म्हणाला, "ते स्टूल जरा देता का?"