नवाबी थाळी आणि ईदचा जर्दा

ईदच्या सकाळी सुधाकरराव उठले ते थेट थाळी पुसायलाच बसले. दुपारी नागपूरहून अनुपमाबाई येणार होत्या. त्यांच्याकडे जुन्या चिनी भांड्यांचा मोठा संग्रह होता आणि पुढच्या महिन्यात त्या त्याचं प्रदर्शन भरवणार होत्या. थाळी पसंत पडली, तर ती तिथे काचेच्या कपाटात बसणार आणि तिच्याखालच्या चिठ्ठीवर सुधाकररावांचं नाव लागणार. शाळेच्या ऑफिसात जन्मभर दुसऱ्यांच्या दाखल्यांवर दुसऱ्यांची नावं लिहिलेल्या माणसाला या चिठ्ठीने आठवडाभर झोप येऊ दिली नव्हती.

थाळी होतीच तशी. पिस्त्याच्या रंगाची, जाडजूड, मधोमध कोरलेलं कमळ. रोहिणखेडच्या एका जुन्या घरातून त्यांनी ती बरीच मनधरणी करून मिळवली होती. पूर्वी नवाब, बादशहा असल्या थाळीत जेवत, कारण अन्नात विष असलं की ती तडकते, ही गोष्ट त्यांनी सांगितली नाही असा माणूस धाड गावात उरला नव्हता. गल्लीतल्या मंजुळाबाईंनी एकदा शंका काढली होती की नुसत्या गरम अन्नानेही तडकत असेल. त्यावर सुधाकरराव हसून म्हणाले होते, नवाब काय शिळंपाकं खात होते? गावाला ते पटलं होतं.

शेजारचे वाहेदभाई दरवर्षीप्रमाणे जर्दा, म्हणजे केशरी गोड भात, घेऊन आले. त्यांचं बांगड्या-टिकल्यांचं दुकान होतं आणि त्यांच्या बायकोच्या, मुबीनाच्या, हातचा जर्दा सगळ्या गल्लीला ठाऊक होता. ईदला त्यांच्याकडून पातेलं यायचं, दिवाळीला इकडून डबा जायचा, आणि भांडं कधी रिकामं परत जायचं नाही. मंजुळाबाई कढीपत्ता मागायला आल्या होत्या, त्याही तिथेच रेंगाळल्या होत्या. थाळी समोरच लखलखत होती. सुधाकररावांना उमाळा आला.

"वाहेदभाई, आज तुमचा जर्दा नवाबाच्या थाळीत," असं म्हणत त्यांनी वाफाळलेलं पातेलं तिच्यात पालथं केलं. आतून त्यांच्या पत्नी प्रेमलाबाई "अहो, थांबा" म्हणत धावल्या, पण तोवर 'टिक' असा बारीक आवाज झाला होता. कमळाच्या मधून एक रेघ सरळ काठापर्यंत गेली.

मंजुळाबाईंनी थाळीकडे पाहिलं, मग वाहेदभाईंकडे पाहिलं आणि कढीपत्ता न घेताच त्या निघाल्या.

"गरम होतं, म्हनून झालं," सुधाकरराव घाईघाईने म्हणाले.

"बाबूजी, तुमीच तर म्हनत होते, गरमीनं काही होत नाई," वाहेदभाई हळूच म्हणाले. "पातेलं राहू द्या. मंग नेतो."

इतक्या वर्षांत वाहेदभाईंनी त्यांना सुधाकरभाऊ सोडून दुसरं काही म्हटलं नव्हतं. बाबूजी त्यांना सगळं गाव म्हणायचं. तो शब्द सुधाकररावांच्या जिव्हारी लागला.

जर्दा गल्लीतल्या बहुतेक घरांत गेला होता. मंजुळाबाईंनी आपल्या वाटचा बकरीला घातला आणि बकरीसमोर पाट मांडून बसल्या. एका म्हातारबुवांना वर्षानुवर्षं गॅसेसचा त्रास होता, पण आज त्यांना तो निराळा वाटला आणि ते हातपाय ताठ करून पडले. पाहता पाहता सुधाकररावांच्या अंगणात माणसं जमली. संघर्ष नावाचा ग्रामपंचायतीचा सदस्य आला. आपला कोणावरच संशय नाही, असं त्याने आधी सांगून टाकलं आणि मग थोडा जर्दा तपासायला बुलढाण्याला पाठवावा का, असं विचारलं.

"अरे, थाळी गरमीनं तडकली," सुधाकरराव कळवळून म्हणाले.

"मंग ते नवाबाचं खोटं हाय का, बाबूजी?" संघर्षने विचारलं.

खोटं म्हणावं, तर अनुपमाबाई येत होत्या त्या निम्म्या या गोष्टीसाठीच. खरं म्हणावं, तर मुबीनाभाभींनी अख्ख्या गल्लीला विष घातलं असं होत होतं. प्रेमलाबाई मघापासून "मले काही सांगाचं हाय" म्हणत होत्या आणि ते त्यांना हाताने गप्प करत होते. शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. ओट्यावर मांडी घातली, थाळी पुढ्यात ओढली आणि सगळ्यांदेखत जर्दा खायला सुरुवात केली.

जर्दा नेहमीसारखाच झाला होता. फक्त वेलची जरा जास्त वाटत होती. ही वेलचीच आहे ना, असं एकदा मनात आलं आणि त्या विचाराची त्यांना भयंकर लाज वाटली. ती लाज झाकायला त्यांनी अजून दोन घास जास्त घेतले. चार माणसांचं खाणं एकट्याने संपवल्यावर पोट दगडासारखं झालं. त्यांनी ढेकर दिली, तेव्हा पुढची रांग मागे सरकली.

तेवढ्यात मुबीना आली. डोक्यावरचा पदर सारखा करत तिने फक्त आपलं पातेलं मागितलं. कोणी तिच्याकडे सरळ पाहत नव्हतं. तिने एकदा प्रेमलाबाईंकडे पाहिलं आणि मान खाली घातली. वाहेदभाई फाटकाशी उभे होते, आत येत नव्हते.

आणि अनुपमाबाईंची गाडी आली. एवढी गर्दी थाळी पाहायला जमली आहे असं समजून त्या फार खूश झाल्या. सुधाकररावांनी थाळी धुऊन त्यांच्यापुढे धरली.

बाईंनी चष्मा चढवला. उजेडात थाळी फिरवली आणि रेघेवरून नख ओढलं. "थाळी अस्सल आहे. पण हा आजचा तडा नाही. थाळी कोणीतरी आधीच जोडलेली आहे. उष्णतेने गोंद सुटला. आणि वरून हा हिरवा रंग..." त्यांनी नख नाकाशी नेलं. "नेलपॉलिश आहे हे."

"म्हंजे पहिलेबी जहर झालं होतं?" मंजुळाबाई मागून म्हणाल्या. त्या बकरीला घेऊनच आल्या होत्या. बकरी ठणठणीत होती आणि अंगणातल्या कढीपत्त्याला तोंड लावत होती.

सगळ्यांचे डोळे सुधाकररावांकडे वळले. तेव्हा प्रेमलाबाई पुढे आल्या.

"जहर नाई झालं. मी तडकवली," त्या म्हणाल्या. "दिवाळीले कढईतून करंज्या काढल्या अन् चुकून हिच्यात टाकल्या. यायले काय तोंड दाखवू म्हनून मुबीनाकडे रडत गेली. तिनं रातीतून जोडून देल्ली. आज सकाळपासून सारं गाव तिले बोलून राह्यलं, पन तिनं माहं नाव घेतलं नाई. अन् मी तोंड दाबून बसली. बोलाले पाह्यजे होतं मी." मुबीनाने येऊन त्यांचा हात धरला.

"तुह्या करंज्याइनं तडकली?" मंजुळाबाई चाचरल्या.

"हाव. तुमी दुसऱ्यांदा मागून नेल्या त्याच."

मंजुळाबाईंचा हात आपोआप पोटावर गेला. दिवाळी होऊन कितीतरी दिवस लोटले होते, आणि त्या करंज्या खाऊन अख्खी गल्ली जिवंत होती. हे एकेकाच्या ध्यानात आलं तशी माणसं घरी काम आठवून निघू लागली. म्हातारबुवाही उठून बसल्याचा निरोप आला.

सुधाकरराव कसेबसे उठले. प्रेमलाबाईंनी पातेल्यात घरातला होता तेवढा चिवडा भरला, तो घेऊन ते फाटकापाशी गेले. "वाहेदभाई, माफ करा. नवाब काय खात होते, मले काहीच माहीत नाई. आइकलं होतं, ते मी वाढवून सांगत गेलो."

वाहेदभाईंनी पातेलं घेतलं. चिवडा पाहिला. "साऱ्याचा सारा जर्दा खाल्ला म्हनतेत?"

"हाव."

"मंग सोडा घ्या, सुधाकरभाऊ."

सुधाकररावांचे डोळे भरून आले. त्यात पोटदुखीचाही थोडा भाग होता.

आत अनुपमाबाई कागद काढून बसल्या होत्या. जोडलेली थाळीही प्रदर्शनात चालेल, असं त्यांनी सांगितलं. फक्त त्या विषाच्या गोष्टीचं चिठ्ठीवर काय लिहायचं, असं त्यांनी विचारलं.

सुधाकररावांनी ओट्यावर बसलेल्या दोघी बायकांकडे पाहिलं. "ते राहू द्या," ते म्हणाले. "दुरुस्ती मुबीनाभाभींची, असं लिहा. अन् खाली लिहा, गरम पदार्थ ठेवू नये."

बाईंनी ते नीट लिहून घेतलं. वाहेदभाई पातेलं काखोटीला मारून दारापर्यंत आले होते, ते आत वाकले.

"मॅडम, नेलपॉलिश आमच्या दुकानातलं होतं. ते नाई लिहत का?"