गोविंदनानांच्या आठ खिशांतली माणसं

गोविंदनाना चालायला लागले की त्यांच्या अंगातून खरखर असा आवाज येई. तो हाडांचा नव्हे, कार्डांचा. कापडाच्या दुकानातले रिकामे पुठ्ठे आणून ते पत्त्यांएवढे तुकडे कापत आणि एका कार्डावर एकच काम लिहीत. कोटाला आठ खिसे होते, त्यातले चार त्यांनी स्वतः शिवलेले. उजवीकडे आजची कामं, डावीकडे उद्याची, आतल्या बाजूला अडलेली. उरलेली कार्डं पत्र्याच्या डब्यात, आणि डबा पट्ट्याने सायकलला बांधलेला. पाऊस आला की छत्री डब्यावर, नाना भिजत.

धुळ्याच्या आमच्या बांधकाम कचेरीत ते ओव्हरसीयर, मी कारकून. "डोकं गळतं, पुठ्ठा गळत नाही," असं ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीला नळी लावली आणि दचकून विचारलं, "ही कसली घरघर?"

नानांनी आतल्या खिशातून गठ्ठा काढून दाखवला. "हा पिंपळनेरच्या रस्त्यावरचा पूल."

आम्ही खूप हसलो होतो. पुढे मात्र माझं हसू आटलं.

मानमोडीच्या तापाची साथ आली आणि त्या पुलावरचे सहा गवंडी गेले. पूल अर्धाच राहिला. साथ ओसरल्यावर नवी माणसं लावली. पण नानांच्या कार्डांवर कामाखाली नावं जुनीच येत राहिली. धर्मा. भिका. सुकलाल.

मी भीतभीतच म्हणालो, "नाना, धर्मा तर वारला."

"ठाऊक आहे मला. काम त्याच्याकडेच आहे."

दुपारी सगळे जेवायला गेले की नाना टेबलावर कार्डं मांडत. एकेक नाव वाचत आणि थांबत. जरा मान हलवत, "बरं" म्हणत, मग पुढचं कार्ड. भर उन्हाची वेळ, पण मला त्या खोलीत बसवेना.

एकदा ते थांबले ते बराच वेळ. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धर्मा म्हणतो, पुलाच्या डाव्या पायात पाणी आहे. वर दगड चढवू नका."

दुसऱ्या दिवशी तो पाया आणखी हातभर खोल खणला. खालून झरा उसळला.

"हे धर्माने जिवंतपणी सांगितलं असेल," मी घाईघाईने म्हणालो.

"तेव्हा तो पाया खणलाच नव्हता," नाना म्हणाले आणि कार्ड उजव्या खिशातून आतल्या खिशात गेलं.

पूल पुरा झाला. पहिली बैलगाडी पलीकडे गेली तेव्हा सगळे पुलाकडे बघत होते. नानांनी सहा कार्डं निवडली आणि मला म्हणाले, "चला माझ्याबरोबर. एकट्याने जमणार नाही."

रस्त्यात ते प्रथमच कार्डांशिवाय बोलले. "ताप चढला तेव्हा सहाही जण सुट्टी मागायला आले होते. घरी जातो म्हणाले. मी म्हटलं, पहिली कमान चढू द्या, मग जा. कार्डावर तसंच लिहिलं होतं ना." थोडं चालून म्हणाले, "तिथेच गेले, कामावरच्या छपरात. एकाच आठवड्यात."

पहिलं घर धर्माचं. त्याची बायको अंगणात बाजरी पाखडत होती. नानांनी कार्ड दोन्ही हातांनी पुढे केलं. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"नाना, यान्हावर काय लिखेल शे?"

"धर्माला सुट्टी दिली."

तिचा आवाज चढला नाही, की डोळ्यांत पाणी आलं नाही.

"मंग इतला दिन काबर लागनात?"

नानांचे हात खिशांकडे गेले. एक, दुसरा, तिसरा. सगळे चाचपून झाले. मग ते तिथेच, कोंड्यात, जमिनीवर बसले. तिने सूप बाजूला ठेवलं आणि ती त्यांना प्यायला पाणी आणायला आत गेली.