गावातला एकमेव बिनस्पर्धक माणूस

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी संगणकाने मला 'पाहुणे' म्हटलं.

स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज 'टेगन, व्यवस्थापक' असं असतं. त्या दिवशी तिथे 'नमस्कार, पाहुणे' असं आलं. मला वाटलं, काय हा विनय! (ऑफिसात येणारे लोक मला सहसा नमस्कार करत नाहीत. मेंढ्यांच्या कुंपणाची किल्ली कुठे आहे, एवढंच विचारतात.) मीही त्याला मनातल्या मनात नमस्कार केला आणि चहा करायला उठले. खरं तर तेव्हाच ओरडायला हवं होतं. मी एरवी टोस्टरमधून पाव वर उडाला तरी ओरडते.

कूरालिन कृषी प्रदर्शनाच्या ऑफिसात लागून मला सहा आठवडे झाले होते. प्रदर्शन येत्या शनिवारी. मेंढे, भोपळे, डेलियाची फुलं, लोणची, केक, सगळ्यांच्या नोंदी एका सामाईक डेटाबेसमध्ये, आणि प्रत्येक विभागाचे प्रमुख आपापल्या घरून त्यात शिरून काम करतात. आता यातला माझा छोटासा निर्णय सांगते. रविवारी दुपारी मी नियमांचं पुस्तक वाचलं. (ते वाचणारी मी बहुधा पहिलीच, कारण पानं चिकटलेली होती.) त्यात नियम चौदावा: 'कोणत्याही स्पर्धकाने नोंदवही पाहू नये.' वहीच्या काळात म्हणे स्वतःच्या नावाचं पान आलं की प्रमुखबाई त्यावर ताटं पुसायचं फडकं टाकायच्या. मला वाटलं, माझ्याकडे कॉलेजचं प्रमाणपत्र असताना फडकं कशाला? मी डेटाबेसला सांगितलं, ज्याचं नाव स्पर्धकांत असेल त्याची आत शिरायची परवानगी काढून घे.

डेटाबेस आज्ञाधारक होता. इतकं माझं आजवर कोणीच ऐकलं नव्हतं.

साडेनऊपर्यंत 'आत शिरता येत नाही' अशा तक्रारींचे फोन येऊन गेले होते, तरी पुन्हा वाजला. मी दचकले, चहा बाहीवर.

"टेगन? मी डोरीन. हा संगणक मला ओळख दाखवत नाहीये गं."

डोरीन पेंगेली म्हणजे पाककला विभागाच्या प्रमुख. वय अठ्ठ्याहत्तर. नव्वद किलोमीटरवरच्या शेतावर राहतात आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावरून पन्नास वर्षं तो विभाग सांभाळतायत. आधी वही, मग टाइपरायटर, आता हे. मी त्यांना 'डोरीनबाई' म्हणते आणि फोनवर बोलतानाही ताठ बसते.

"डोरीनबाई, मलाही तो पाहुणे म्हणतोय."

"बरं. मग आपण दोघी पाहुण्या. चार वाजता काय आहे, आठवतंय ना?"

आठवत होतं. चार वाजेपर्यंत विभागाची यादी छापखान्यात गेली नाही, तर छापखानेवाले मिस्टर ट्रेझाइस यंत्र बंद करून मासे पकडायला जाणार ते थेट रविवारी उगवणार. छापील यादी नाही तर परीक्षण नाही, हा नियम नववा. (हा मात्र सगळे पाळतात.) दोनशे बारा केक, स्कोनचे छोटे पाव आणि बरण्या. डोरीनबाईंचं पन्नासावं वर्ष. आणि ते सगळं माझ्या प्रमाणपत्राखाली चिरडलेलं.

"मी संगणकाच्या मदतवाल्या कंपनीला फोन करते," मी म्हणाले.

"आज शर्यतीची सुटी आहे, पोरी. शहरातला प्रत्येक माणूस घोड्याकडे बघतोय. तू रडतेयस का?"

"नाही."

"मग ते नाक ओढणं थांबव आणि सांग, सकाळपासून कोणाकोणाची तक्रार आली?"

"सगळ्यांची. डेलियावाल्या बाई, लाकूडकामवाले, शेळ्यांचे, कोंबड्यांचे..."

"तक्रार कोणाची नाही ते सांग."

डॉक्टर पोट दाबून 'इथे दुखतं का' विचारतात, तसं त्या विचारत होत्या. एकदाही आवाज चढला नाही. मी आठवून आठवून सांगितलं, "नवे पशुवैद्य. ते सकाळीच आत गेले. पण त्यांना फक्त लसींचं पान उघडता येतं."

"ते गावात महिन्यापूर्वी आले. आपण सगळ्यांनी केलंय आणि त्यांनी केलं नाही, असं काय आहे?"

मी खूप विचार केला. "लग्न?"

"टेगन, तुझं तरी कुठे झालंय?"

"हो की."

"त्यांनी प्रदर्शनात काहीच ठेवलेलं नाही. गावात राहून इतकी बेफिकिरी पहिल्याच वर्षी खपते. म्हणजे हा संगणक स्पर्धकांनाच बाहेर ठेवतोय. आता सांग बाळ, काल तू काय केलंस?"

सात मिनिटं. मला सबंध दिवस लागला असता, त्यांनी सात मिनिटांत, संगणकाला हात न लावता, माझ्यापर्यंत येऊन बोट ठेवलं. मी सगळं कबूल केलं. पलीकडून हसण्याचा आवाज.

"नियम चौदावा! अगं, एकशे तेरा वर्षांत तो पाळणारी तू पहिलीच."

"मी राजीनामा देऊ का?"

"आधी कुलूप उघड, मग काय द्यायचं ते दे. सगळ्या परवानग्या कोणाच्या हातात आहेत?"

"तिघांच्या. माझ्या..."

"तू काय ठेवलंयस?"

"लिंबाच्या मुरंब्याची एक बरणी. गावात रुळावं म्हणून."

"चांगली रुळलीस. दुसरं कोण?"

"सचिव मॉरीन टेट."

"तिनं शाल, डेलिया आणि एक कोंबडा ठेवलाय. तिसरं?"

"अध्यक्ष. म्हणजे तुमचे... मिस्टर क्लाइव."

"क्लाइव!" त्यांनी असा श्वास सोडला की फोन गरम झाला. "चाळीस वर्षं मी त्याला म्हणतेय, एखादा भोपळा तरी ठेव. म्हणतो, घरात एक स्पर्धक पुरे, मी खाणारा. पोरी, तो नवा पशुवैद्य सोडला तर या गावात काहीही न ठेवलेला एकच माणूस आहे आणि तो माझ्या घरात निघाला!"

"मग त्यांना बोलवा ना!"

"तो पलीकडच्या कुरणात पाण्याची टाकी बघायला गेलाय. टाकीवर चढला तरच तिथे फोन लागतो."

"गाडीने जाऊन आणता येईल का?"

"ओव्हनमध्ये सरावाचा स्पंज केक आहे. स्पंज फुगत असताना मी या घरात दार लोटत नाही, आणि तू गाडी चालू करायला सांगतेस?"

पुढे नोकरी जाणार, विभाग बुडणार, आणि ही बाई ओव्हनच्या काचेतून बघत शांतपणे सांगतेय, "तू त्याला लावत राहा. तो टाकीवर चढतो. कधी चढतो ते सांगता येत नाही, पण चढतो. आणि लागला की तीन वाक्यांत सांग, त्याच्यापेक्षा जास्त तो ऐकत नाही. मी पन्नास वर्षं मोजलंय."

मी लावत राहिले. दहा वाजता, अकराला, बाराला. मधूनमधून डोरीनबाईंचा फोन यायचा. "स्पंज उतरला. छान फुगलाय. तू जेवलीस का?" मी नाही म्हटलं की त्या मी जेवेपर्यंत फोन ठेवत नव्हत्या. दोन वाजता त्यांनी लाकूडकामवाल्यांना फोन करून सांगितलं की ऑफिसातली मुलगी बिघाड शोधतेय, तिला त्रास देऊ नका. बिघाड मीच आहे हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. अशा माणसांसाठी मोठं काहीतरी करावंसं वाटतं. मला फक्त फोनचं तेच बटण पुन्हा दाबता येत होतं.

मी तीन वाक्यं कागदावर लिहिली, पाठ केली, भिंतीवरच्या मेंढ्याच्या फोटोला म्हणून दाखवली. चौतीस वेळा लावून झालं. तीन वाजून बावीस मिनिटांनी पस्तिसाव्यांदा लावला आणि पलीकडे वारा ऐकू आला.

"हॅलो? क्लाइव."

मी इतकी दचकले की कागद टेबलाखाली गेला. "मिस्टर पेंगेली, कुलूप, चार वाजता, फक्त तुम्हीच, कारण तुम्ही काही ठेवलेलं नाही!" (तीनच वाक्यं झाली असावीत. मध्ये पूर्णविराम दिले असते तर.)

क्लाइवसाहेब एकदम हळू आवाजात म्हणाले, "पोरी, डोरीन आसपास नाही ना? मला नाही जमायचं. मी यंदा स्पंज ठेवलाय. तीन महिने मेंढ्या कातरायच्या शेडमध्ये सराव करतोय. अर्ज तर गेल्या मंगळवारीच टाकला तुझ्याकडे."

मी डोळे मिटले. मग उघडले. टेबलाच्या कडेला, गेल्या मंगळवारपासून 'उद्या नक्की' म्हणून राहिलेल्या अर्जांचा गठ्ठा होता, आणि सगळ्यात वर, चहाच्या गोल डागाखाली, लिहिलं होतं: सी. पेंगेली, स्पंज. डेटाबेसला त्याचा पत्ताही नव्हता.

"साहेब," मी म्हणाले, "तुम्ही अजून स्पर्धक नाही. तुमचा अर्ज मी चढवलेलाच नाही, म्हणजे तुम्हाला तिथून फोनवरूनही आत शिरून कुलूप उघडता येईल."

"शाब्बास, पोरी!" क्लाइवसाहेब टाकीवरून ओरडले.

सहा आठवड्यांत त्या ऑफिसात माझ्या कामाचं कौतुक झालं ते एवढंच, आणि तेही मी न केलेल्या कामाचं.