अण्णा फेरीवरच राहिले

माझे सासरे अण्णा जर्मनीत सगळ्यांशी मराठीत बोलतात. बेकरीवालीशी, बसच्या ड्रायव्हरशी, खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या कुत्र्याशीसुद्धा. "सावकाश बोललं की कळतं. शेवटी समोर माणूसच आहे ना?" असं त्यांचं म्हणणं. कुत्र्याचं काय, ते मी कधी विचारलं नाही.

अण्णांनी कराडच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत तीस वर्षं काढली. त्यामुळे बॅग घेतलेला कुणी गोंधळलेला दिसला, की यांच्या तोंडून आपोआप निघतं, "कुठं जायचंय?" आमच्याकडे रेगेन्सबर्गला आले त्याच आठवड्यात त्यांनी स्टेशनवर एका जर्मन जोडप्याला हाताला धरून फलाट बदलायला लावला. गंमत म्हणजे ते जोडपं खरंच चुकीच्या फलाटावर होतं! बेकरीत "ताई, तो तिळाचा द्या, जरा खरपूस बघून," म्हणाले, तर तिने खरोखर खरपूस पाव निवडून दिला. मग काय, त्यांना जर्मन शिकवायचा विषयच संपला. आठ वर्षांची आमची इरा त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलते, ते तिच्याशी मराठीत, आणि दोघांचं काही अडत नाही. अडतं ते माझ्या नवऱ्याचं. समीरला चारचौघांत कानकोंडं होतं.

अशा अण्णांना घेऊन आम्ही शनिवार-रविवार हॅम्बर्ग बघायला गेलो. समीरने तासातासाचा कार्यक्रम एक्सेलमध्ये आखला होता. अण्णांना मनोरे आणि गोदामं यांत काडीचा रस नव्हता. आम्ही माना वर करून बघायचो, तेव्हा ते आजूबाजूची माणसं न्याहाळत असायचे.

दुपारी आम्ही बंदरातल्या फेरीबोटीत बसलो. रिमझिम पाऊस होता. मधल्या एका धक्क्यावर उतरायचं होतं, म्हणून मी इराचा हात धरून उतरले. मला वाटलं अण्णा समीरबरोबर आहेत, समीरला वाटलं माझ्याबरोबर. फळी वर गेली, फेरी सुटली आणि इरा ओरडली, "ओपा इस्ट नॉख द्राउफ!"

आजोबा अजून फेरीवरच होते.

काचेतून त्यांची पाठ दिसली. ते कुणाशी तरी बोलत होते. मी हाका मारल्या, पण फेरी लांब गेली. त्यांचा मोबाइल माझ्या पर्समध्ये होता. पाण्यात पडेल म्हणून मीच काढून घेतला होता. वय बहात्तर, मधुमेह, खिशात हॉटेलचा पत्तादेखील नाही. समीर पांढराफटक पडला. एकदम म्हणाला, "सकाळी मी त्यांना म्हटलं, जरा गप्प बसा ना अण्णा. लोक बघतात."

धक्क्यावरच्या कर्मचाऱ्याने वायरलेसवर विचारणा केली. वीस मिनिटांनी उत्तर आलं. तो हसून म्हणाला, "शेवटच्या धक्क्यावर आहेत. बाकावर एका बाईंशी बोलताहेत. खूप बोलताहेत म्हणे."

पुढची फेरी येईपर्यंतचा वेळ कसा गेला, विचारू नका.

शेवटच्या धक्क्यावर अण्णा खरंच बाकावर होते. शेजारी लाल रेनकोट घातलेल्या एक जर्मन आजी, आणि दोघांच्या डोक्यावर आजींची छत्री. इरा धावत जाऊन त्यांना बिलगली. समीर त्यांचा खांदा घट्ट धरून उभा राहिला.

"आलात? बरं झालं," अण्णा म्हणाले. "या हिल्डाताई. एकट्याच असतात."

मी आजींचे जर्मनमध्ये आभार मानले. त्या म्हणाल्या, "माझा नवरा या बंदरात काम करायचा. तो गेल्यापासून मी शनिवारी फेरीत बसते. आज यांना सगळं सांगितलं, यांनीही मला सांगितलं. एक शब्द कळला नाही. पण पत्नीबद्दलच बोलत होते ना?"

मी थबकले. सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. तेव्हापासून अण्णांच्या तोंडून आम्ही त्यांचं नावही ऐकलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, सावरले.

परतीच्या फेरीत मी हळूच विचारलं, "अण्णा, आईंबद्दल आमच्याशी का नाही बोलत?"

ते पाण्याकडे बघत म्हणाले, "तुझे डोळे भरतात. समीर उठून आत जातो. मग मीच बंद केलं. या बाईंना काही कळतच नव्हतं, त्यामुळे बोलता आलं. तास कसा गेला, समजलं नाही."

समीर पलीकडच्या बाकावर होता. त्याने ऐकलं. तो उठला आणि मला वाटलं, आता हा डेकवर जाणार. पण तो येऊन अण्णांच्या शेजारी बसला.

"काय सांगितलंत त्या बाईंना?"

"हेच, तुझी आई चोरून सायकल शिकली ते."

"आई? सायकल?"

"तू तेव्हा दुसरीत होतास. तू शाळेत गेलास, की आम्ही दोघं स्टेडियमच्या मागं जायचो." अण्णा त्याच्याकडे वळून बसले. "तीनदा पडली. एकदा तर माझ्याच अंगावर."

समीर हसायला लागला. त्याचे डोळे भरले होते, पण तो जागचा हलला नाही. अण्णांनी ते पाहिलं, क्षणभर थांबले आणि मग पुढचं सांगायला लागले.