परखड नाशिककर आणि कुरडयांचा फोटो

खंडेरावांनी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं माल तपासला. निवृत्त झाल्यावर तपासायला फक्त बायको, बयाबाई, उरल्या, आणि त्याही जानेवारीत मुलीच्या, हर्षालीच्या, बाळंतपणाला पुण्याला गेल्या. आता एप्रिल उजाडला होता. सिडकोतल्या गच्चीगच्चीवर कुरडया वाळत होत्या. शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा वास जिन्यातून घरात यायचा, आणि खंडेरावांना दूध-साखर घातलेल्या गरम चिकाची वाटी आठवायची. खरं म्हणजे वाटी देणारीच आठवायची. फोनवर मात्र ते "जेवलीस का?" एवढंच विचारत. "लवकर ये" हे दोन शब्द चार महिन्यांत एकदाही तोंडून निघाले नव्हते.

करमेना म्हणून ते फेसबुकवरच्या खवय्यांच्या एका ग्रुपात शिरले. खरं नाव कशाला द्या, म्हणून 'परखड नाशिककर' झाले. एका सकाळी तिथे कुणीतरी नाव न देता कुरडयांचा फोटो टाकला. खाली लिहिलं होतं, 'आईने एकटीने केल्यात. कशा वाटतात?'

खंडेरावांना त्या छान वाटल्या, हे इथे नोंदवून ठेवायला हवं. पण पहिल्याने लिहिलं, 'जरा काळपट दिसतात.' दुसऱ्याला त्या काळ्याच दिसल्या. तिसऱ्याला गहू रेशनचा वाटला, आणि चौथ्याने तर त्या आईचे संस्कारच काढले. एवढी माणसं म्हणतायत म्हटल्यावर खंडेरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तर खरंच काळ्याकुट्ट. त्यांनी लिहिलं, 'असला माल आम्ही गेटवरूनच परत पाठवायचो.'

दुपारपर्यंत सहाशे लाइक पडले. त्यांच्या निरोप समारंभाला साठ माणसं नव्हती. 'काका, एक नंबर' म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते हात जोडत बसले आणि त्या नादात जेवायचे राहिले.

संध्याकाळी हर्षालीचा फोन आला. आवाज रडवेला होता. बाबांना यंदा चीक मिळाला नाही, निदान कुरडया तरी न्याव्यात, म्हणून आईने बाळाचं सगळं सांभाळून गॅलरीत कुरडया घातल्या होत्या. चार लोक कौतुक करतील म्हणून फोटो हर्षालीनेच टाकला होता. आई दुपारपासून एकेक कमेंट वाचत बसली होती.

"आखाजीच्या सणाला यायचं ठरवलं होतं तिने," हर्षाली म्हणाली. "आता म्हणते, नाशिकला येऊन कोणाला काय खाऊ घालू? आणि तो परखड नाशिककर कोण आहे ना बाबा, त्याला मी सोडणार नाही."

"नकोच सोडू," खंडेराव कसेबसे म्हणाले.

फोन ठेवल्या ठेवल्या त्यांनी आपली कमेंट पुसली. पण लोकांनी तिचे फोटो आधीच काढून ठेवले होते. मग त्यांनी लिहिलं, 'नीट पाहिलं तर कुरडया उत्तम आहेत.' झालं. सकाळचे भक्त एकदम उलटले. काका विकले गेले, काकांना डोळे तपासायची गरज आहे, काका मुळात नाशिकचेच नाहीत, असं एकमताने ठरलं. काकांचंच गेटवरचं वाक्य लोक काकांना ऐकवू लागले.

एकतीस वर्षांत खंडेरावांनी परत पाठवलेला माल कधी आत घेतला नव्हता. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. त्यांनी एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मी खंडेराव. ह्या कुरडया माझ्या बायकोने केल्यात. सगळे बोलले म्हणून मीही बोललो. ती चार महिने घरी नाही. घर खायला उठतं. ती यायला हवी.'

त्यावर एकाने 'बनाव' असं लिहिलं, दुसऱ्याने 'वहिनी, येऊ नका' असा सल्ला दिला. तेवढ्यात फोन वाजला. बयाबाई होत्या.

"ते गेटवरचंही तुम्हीच ना?"

"हो."

पलीकडून बाळाचं कुरकुरणं तेवढं येत होतं.

"आणि ती यायला हवी, हे?"

"तेही मीच."

"सगळ्या गावाला सांगितलं. मला सांगायला काय झालं होतं?"

"तुला बाळ सोडवणार नाही, वाटलं," खंडेराव म्हणाले. मग हळूच म्हणाले, "लवकर ये."

आखाजीला बयाबाई आल्या. हातपाय धुऊन त्यांनी आधी कढई चढवली आणि पहिली फुललेली कुरडई खंडेरावांपुढे ठेवली. खंडेरावांनी तुकडा मोडला. कुरडई आंबट होती. थोडीथोडकी नाही, दात शिवशिवतील इतकी आंबट होती.

"कशी झालीय?"

"मस्त."

बयाबाईंनी स्वतः तुकडा तोंडात टाकला आणि चावायच्या थांबल्या. "बाळाच्या गडबडीत गव्हाचं पाणी बदलायचं राहिलं एक दिवस," त्या म्हणाल्या. "म्हणजे लोकांचं बरोबर होतं."

"लोकांना काय कळतंय," खंडेराव म्हणाले आणि त्यांनी दुसरी मागितली.