सं. म. झालीच पाहिजे

गिरणीचा डॉक्टर एका कामगारावर दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवत नसे. कुशाबा परबावर त्याने पाच मिनिटं घालवली, तेव्हाच कुशाबाचा धीर खचला.

"कार्डिंगला किती वर्षं झाली?"

"चौदा."

"चौदा वर्षं कापूस पिंजतोयस आणि निम्मा छातीत भरून घेतोयस. दोन महिन्यांनी पुन्हा तपासतो. तेव्हाही छाती अशीच शिट्टी वाजवत असेल, तर मला तसं लिहावं लागेल. मग गिरणी तुला ठेवणार नाही."

"औषध, साहेब?"

"याला औषध नाही. नियमाने राहा. पहाटे व्यायाम, संध्याकाळी मोकळी हवा, वेळेवर जेवण. बायकापोरांत बस, आईची सेवा कर, मन शांत ठेव."

डॉक्टर भला माणूस होता, पण तो चिंचपोकळीच्या चाळीत राहत नव्हता. कुशाबाच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो, बायको मालन, आई जाईबाई, चार पोरं आणि मालनच्या खानावळीचे दोन गडी राहत होते. तिथे मन शांत ठेवायचं म्हणजे आधी ते ठेवायला जागा शोधावी लागली असती. तरी कुशाबा घाबरला होता. पस्तीस वर्षांचा माणूस जिना चढताना दोनदा बसत होता आणि चाळीत कुणी विचारलं तर "चपलेचा अंगठा तुटला," असं सांगत होता.

शेजारच्या खोलीत शरच्चंद्र मास्तर राहत. म्युनिसिपालिटीच्या शाळेत ते व्याकरण शिकवत आणि शाळा सुटल्यावर चाळीलाही शिकवत. कुशाबाची हकिकत ऐकून त्यांना दुःखापेक्षा उत्साहच जास्त आला.

"परब, देशाची पंचवार्षिक योजना असते, मग माणसाची का नसावी? काम, कुटुंब आणि प्रकृती, तिन्हींचा मेळ बसला पाहिजे. मी तुमचं वेळापत्रक करून देतो."

कागदावर लिहिलं तर पोरं त्याची होडी करतील, म्हणून वेळापत्रक भिंतीवर लिहायचं ठरलं. आतल्या भिंतीवर देव, भांडी आणि गड्यांचे सदरे होते. उरला बाहेरच्या गॅलरीतला दार आणि खिडकी यांच्यामधला वीतभर पट्टा. मास्तरांनी गेरू कालवला आणि जागेच्या काटकसरीसाठी शाळेतल्या फळ्यावर करतात तशी आद्याक्षरं वापरली. पहाटे पाचला व्यायाम, म्हणजे 'व्या.'. सात ते साडेतीन पाळी. पाचला मोकळ्या हवेसाठी चालत बंदराकडे, म्हणजे 'मो. ह., रे रोड'. आठला पोरांचा अभ्यास, म्हणजे 'पो. अ.'.

दारात बसलेल्या जाईबाईला वाचता येत नव्हतं, पण काय राहिलं ते बरोबर कळत होतं.

"मास्तरांनू, माजी मालिश खंय असा? सगळ्यांची सोय केल्यात, माज्या गुडघ्यांची कोण करतलो?"

"लिहितो आजी. संध्याकाळी सात, सं. म. म्हणजे संध्याकाळची मालिश."

"मोठ्यान लिवा. आणि नुसता लिवा नको, झालीच पाहिजे म्हणान लिवा. आजकाल सगळेजण तसाच म्हणतत."

ते खरंच होतं. साल छप्पन, महिना जानेवारी. गिरणगावात भिंतीवर, बंबावर, अगदी म्हशीच्या पाठीवरही संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे असं लिहिलेलं होतं. पोरं खाऊसुद्धा 'मिळालाच पाहिजे' म्हणून मागत. मास्तरांनी आजींचा मान राखून खाली ठळक अक्षरांत लिहिलं, 'सं. म. झालीच पाहिजे.'

वेळापत्रक चालू झालं. पहाटे पाचला कुशाबाने गॅलरीत हात फिरवला तो झोपलेल्या गड्याच्या थोबाडात बसला. रे रोडला मोकळी हवा घ्यायला गेला तर वखारींत लाकडं कापत होते. कापसाचा खोकला होताच, त्यात भुशाची भर पडली. पोरांचा अभ्यास घेताना त्याला झोप लागायची आणि पोरं ती मोडू नये म्हणून पुस्तकं मिटायची. दहा दिवसांत एक सं. म. तेवढी रोज झाली, कारण ती चुकली तर जाईबाई चाळ डोक्यावर घेत असे.

मग रेडिओवरून मुंबई महाराष्ट्राला मिळणार नसल्याचं जाहीर झालं आणि सगळ्याच वेळापत्रकांचा निकाल लागला. रस्त्यावर गोळ्या चालल्या. समोरच्या चाळीतून एका दिवशी दोन तिरड्या उठल्या. त्यातला एक माणूस दूध आणायला उतरला होता. भोंगे बंद पडले आणि गिरणगावाला किती वाजले तेही कळेना. कुशाबा कुठल्या मोर्चात गेला नव्हता. इच्छा होती, पण घोषणा द्यायला दम लागतो आणि तो त्याच्याकडे नव्हता.

दगडफेक करणारे शोधत एक फौजदार आणि भिवा हवालदार चाळीत शिरले. फौजदार नवा होता. गॅलरीतल्या भिंतीसमोर तो थांबला.

"हे कोणी लिहिलं?"

"माझंच हाय, साहेब. माझं टायमटेबल," कुशाबा म्हणाला.

"टायमटेबल? वा. संध्याकाळी सात, सं. म. झालीच पाहिजे. पाच वाजता मो. ह. म्हणजे मोर्चा आणि हरताळ, तोही रे रोडला. म्हणजे गोदीतले कामगार फोडायचे. पहाटे व्या. म्हणजे व्याख्यान. आणि हे पो. अ. काय? पोलिसांना अडवणे?"

"पोरांचा अभ्यास, साहेब!"

"आणि सं. म.?"

"संध्याकाळची मालिश. आईच्या गुडघ्यांची."

फौजदार हसला. त्या आठवड्यात त्याने बऱ्याच थापा ऐकल्या होत्या, पण एवढी गरीब थाप पहिलीच. भिवा हवालदार या चाळींतून गस्त घालणारा जुना माणूस. त्याने खाली बघत म्हटलं, "असंल, साहेब. म्हातारीचे गुडघे खरंच सुजल्यात."

प्रकरण इथे मिटलंही असतं. पण शरच्चंद्र मास्तरांना व्याकरण दिसलं.

"फौजदारसाहेब, आपण लिंगाकडे लक्ष द्या. महाराष्ट्र पुल्लिंगी, तिथे 'झालाच' येईल. मालिश स्त्रीलिंगी. भिंतीवर 'झालीच' आहे. म्हणजे हा महाराष्ट्र असूच शकत नाही!"

"म्हणजे तुम्ही या दोन अक्षरांचा महाराष्ट्राशी संबंध लावलात."

"मी नाही, आपण लावलात. मी फक्त म्हणतो, महाराष्ट्र असता तर..."

"हवालदार, लिहून घ्या. शाळामास्तरने महाराष्ट्र शब्दाचा उच्चार केला. आणि परबने अशुद्ध लिहिलं म्हणून कायदा त्याला सोडत नाही. घाला गाडीत."

कोर्टात त्या दिवशी दीडशे आरोपी होते. मॅजिस्ट्रेटांना घाई होती. कारकुनाने फौजदाराच्या कागदावरून उतरवलेलं हमीपत्र पुढे केलं. सही केली की घरी जा, असं ठरलं होतं. कुशाबाने पेन घेतलं. कोर्टात चाळीतली माणसं होती, मालन होती, आणि भिंतीला टेकून गुडघे चोळत जाईबाई बसली होती. त्याला अक्षरओळख बेताचीच, म्हणून कारकुनाने मोठ्याने वाचलं, "मी यापुढे सं. म. करणार नाही आणि इतरांनाही करण्यास प्रोत्साहन देणार नाही."

भिंतीकडून जाईबाईचा आवाज आला.

"म्हंजे? आवशीच्या पायांक तेल लावूचा नाय म्हणान सही करतलस? करच तू! माजा तेल बंद करणारो ह्यो सरकार कोण?"

"आये, गप रव," कुशाबा कळवळून म्हणाला. "ती सं. म. नाय, दुसरी."

"दोनच अक्षरां असत. माका काय फसवतस?"

कुशाबाचं पेन तसंच हवेत राहिलं. सही करावी तर आई जन्मभर बोलून दाखवणार, न करावी तर तुरुंग. शेवटी त्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, ह्याच्यावर सही नाय होणार माझ्याकडून." मागून टाळ्यांचा कडकडाट झाला. "कुशाबा परब झिंदाबाद!" मॅजिस्ट्रेटांनी दोन महिने ठोकले. मालन तेवढी रडत होती. तिला झिंदाबादपेक्षा पगाराची आठवण आधी झाली.

मास्तर ताकीद घेऊन सुटले. कुशाबाला घाटावरच्या तुरुंगात धाडलं. तिथे भिंतीवर छापील वेळापत्रक होतं, पूर्ण शब्दांत. पहाटे पाचला घंटा आणि कवायत, दुपारी भाजीच्या वाफ्यात काम, संध्याकाळी आवारात चालणं, सहाला भाकरी, आठला झोप. हवा कोरडी, कापूस नाही, भुसा नाही. पंधरा दिवसांनी कुशाबाला रात्री जाग आली ती खोकला न आल्यामुळे. आपण मेलो की काय, म्हणून त्याने नाकापुढे हात धरून पाहिला. श्वास चालू होता, आणि आवाज नव्हता.

दोन महिन्यांनी चाळीने हार घालून त्याला आणलं. एका दमात तो तीन मजले चढला. गिरणीला त्याचं नाव कापायचं होतं, पण आख्खं खातं यंत्रं बंद करायला निघालं. तेव्हा मॅनेजर म्हणाला, डॉक्टर पास करत असेल तर घ्या. डॉक्टरने तीन वेळा नळी लावली.

"परब, छाती साफ आहे. नियमाने राहिलास म्हणायचं!"

"सरकारने ठेवला, साहेब."

"अगदी फिट. उद्यापासून जा कामावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला कुशाबा पुन्हा कार्डिंगला उभा राहिला. चौथ्या दिवशी खोकला परत आला.

त्यानंतर चार वर्षं गेली. मास्तरांनी आणखी तीन वेळापत्रकं लिहून दिली, सगळी पूर्ण शब्दांत आणि निर्दोष व्याकरणात. कुशाबाकडून त्यातलं एकही पाळलं गेलं नाही. माणूस नुसता खंगत गेला. एप्रिल साठच्या शेवटच्या आठवड्यात डॉक्टरने नळी लावली आणि सहा मिनिटं काढली नाही.

"दोन महिने देतो, परब. शेवटचे. नियमाने राहा."

घरी येताना कुशाबा तीनदा बसला. आपण आयुष्यात नियमाने फक्त कुठे राहिलो, हे त्याला चांगलं आठवत होतं. आल्याआल्या त्याने गेरू कालवला आणि चाळीच्या रस्त्याकडच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे.' मास्तरांना विचारून 'झालाच' पक्कं केलं होतं. मग तो भिंतीखाली गस्तीची वाट बघत बसला.

भिवा हवालदार आला. त्याच्या काखेत पताकांची गुंडाळी होती.

"काय रे कुशाबा, हे काय?"

"मी लिवलंय, हवालदार. पकडा मला."

"कशापायी?"

"ह्याच्यापायी. मागल्या येळेला अर्ध्या शब्दाला दोन महिने दिलेत. आता पुरा लिवलाय."

"अरे खुळ्या, तो परवा व्हतोय! एक तारखेला. आता ह्याच्यासाठी पकडायचं म्हटलं तर दिल्लीपासून सुरुवात करावी लागंल."

कुशाबाने खोकला आवरला. "मग दुसरं काय लिवू, हवालदार? कायपण सांगा. ज्याच्यावर घाटावर धाडत्यात असं काय तरी सांगा."

भिवा आधी हसला. मग त्याने कुशाबाची वर-खाली होणारी छाती पाहिली आणि हसू थांबवलं. त्याने कुशाबाला दंडाला धरून वर आणलं, दारात बसवलं आणि पताका लावायला निघून गेला.

गॅलरीत जाईबाई तेलाची वाटी घेऊन तयार होती. सातचा भोंगा नुकताच झाला होता.

"महाराष्ट्र झालो मां तुमचो? आता माजी मालिश कर."

कुशाबा तिच्या पायाशी बसला, वाटीत बोटं बुडवली, आणि त्याला उबळ आली. ती थांबेना. म्हातारीने त्याच्या छातीतली शिट्टी ऐकली, वाटी त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपली मांडी पुढे केली.

"थांब. पड हंय."

"आये, तुजे गुडघे..."

"माजे गुडघे खंय जातत? आज तुजी."

तिने त्याच्या सदऱ्याची बटणं सोडली आणि छातीवर तेल घातलं. कुशाबा डोळे मिटून पडला. मालन दारात येऊन उभी राहिली आणि आत गेली. खाली रस्त्यावर पताका लागत होत्या, आणि वर सं. म. चालली होती.